भिंतीकडची काच

१

सकाळी साडेसातला मी फळीवर सहा ढीग करते. पांढऱ्या माकुळाचे बारीक तुकडे, सोललेली कोळंबी, तिसऱ्यांच्या शिंपल्यांतलं मांस, गाबोळी, ओला जवळा आणि बायका ओहोटीला दोरीवर वाढवतात ते हिरवं समुद्रशेवाळ. सगळ्यावर लसणाच्या रसाचे दोन दोन थेंब. समुद्रातून नुकत्याच धरलेल्या माशाला मेलेलं अन्न हे अन्न वाटतच नाही. लसणाच्या वासाने तो निदान वळून तरी बघतो. सहाही ढीग रोज सगळ्यांना नसतात. काल कोळंबी खाल्ली त्याला आज शेवाळ, उद्या गाबोळी. "एकच एक घातलं की मासा पोट भरून उपाशी मरतो," असं आमचे म्झे कोंबो म्हणतात; म्झे म्हणजे वडीलधारे. तीस वर्षं ते माशांना भरवताहेत. कॉलेजात हेच मी तीन पानं लिहून चांगले गुण मिळवले होते.

शिमोनीच्या धक्क्यापासून थोडं आत आमची शेड आहे. पत्र्याचं छप्पर, खाली काचेच्या चाळीस टाक्या, समुद्राचं पाणी आणणारा पंप. पाणबुडे मासे आणतात, आम्ही त्यांना खायला शिकवतो, आणि तीन-चार आठवड्यांनी ते पाण्याच्या पिशव्यांत बसून विमानाने कुणाच्या तरी दूरदेशच्या दिवाणखान्यात जातात.

भरवायच्या वेळा दोन. दहा आणि तीन. दहाला पाच मिनिटं कमी असली की मासे पुढच्या काचेला येऊन लागतात. मी भित्री आहे, पंप सुरू झाला तरी दचकते, पण ती दहाची वेळ मला आवडते. चाळीस टाक्यांमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली असतात.

त्या मंगळवारी मोठ्या टाकीतले मासेही वेळेवर जमले. फक्त माझ्याकडे नाही. ते मागच्या, भिंतीकडच्या काचेला तोंडं लावून उभे होते. टाकी आणि भिंत यांच्यात हातभर फट आहे, तिथून पाइप जातात, दुसरं काही नाही. चौदा मासे त्या फटीकडे बघत होते आणि चौदा शेपट्या माझ्याकडे होत्या.

वाटी हातात घेऊन मी उभी राहिले. भीती वाटायला हवी होती बहुतेक. मला अपमान वाटला.

२

ती टाकी माझ्याबरोबर काम करणाऱ्या मेजुमाची होती.

आमच्याकडे रीत आहे. नव्या माशाला पहिला घास जिने खायला लावला, मासा तिचा. ती आपल्या रंगाच्या धाग्याची एक गाठ टाकीच्या काठावर बांधते आणि मासा परदेशी जाईपर्यंत दुसऱ्या कुणाचा हात त्याला भरवत नाही. माझा धागा पिवळा, मेजुमाचा तांबडा. शेडभर तांबडं दिसायचं. पिवळं होतं ते जोकर माशांच्या टाक्यांवर, आणि जोकर मासा कुणीही दिलेलं खातो. त्यांना कुणी मोजत नाही.

मेजुमा सातवीपर्यंत शिकलेली. पिवळ्या फुलपाखरू-माशांपुढे मी तीन दिवस सगळं मांडून पाहिलं, वहीत टिपत गेले, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ती आली, कालवाच्या रिकाम्या शिंपल्यात तिसऱ्यांचा लगदा भरला, पाण्यात धरून बोटाने जरासा हलवला, आणि ते येऊन टोचायला लागले.

"शोगा," ती मला म्हणाली. आमच्याकडे मैत्रिणीला असंच म्हणतात. "वही वाचून दाखवत जा त्यांना. कंटाळून तरी खातील."

सगळे हसले. मीही हसले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्झे कोंबोंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. येणारा रमजान संपला की ते काम सोडणार, आणि त्यांची जागा आम्हा दोघींतल्या एकीला मिळणार हे मालकीणबाईंनी, बी झुहुरांनी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "दुसरीनं रडायचं नाही. शेवाळ वाळवायलाही माणूस लागतंच," असंही त्या म्हणाल्या. मला त्या जागेपेक्षा आणखी काहीतरी हवं होतं. मेजुमा टाकीपाशी गेली की पाण्यात जे व्हायचं ना, ते मला हवं होतं.

मग तिची आई आजारी पडली. समोरच्या वासिनी बेटावर तिचं घर. बारा दिवसांसाठी जाताना तिने आपल्या तांबड्या गाठींवर माझा हात ठेवला. रीतीप्रमाणे ही परवानगी. "रोज वेगळं घाल हं. वस्तऱ्यांचं हिरवं चुकवू नकोस, ते रुसतात." शेपटीशी धारदार काटा असतो म्हणून त्या माशांना आम्ही वस्तरे म्हणतो.

बारा दिवस मी त्यांना नुसतं माकूळ घातलं.

पांढरं, मऊ, पोटभर. मासे खात राहिले आणि विटत गेले. त्या टाकीत निळ्या अंगावर पिवळे पट्टे असलेला एक मोठा मासा होता, त्याला सगळे राजा म्हणायचे. त्याचा निळा रंग धुतलेल्या पाटीसारखा झाला. वस्तऱ्यांची पोटं खपाटीला गेली. मेजुमा परत आली त्याच दिवशी बी झुहुरा टाक्या बघायला आल्या.

"ही कुणाची?"

मेजुमाने टाकीत पाहिलं. मग माझ्या हातातल्या वाटीत पाहिलं.

"माझीच, बी." गाठ जिची, जबाबदारीही तिचीच.

"अशी ठेवतात पोरं? जा, आईपाशीच बस आता."

पिशवी उचलून जाताना ती माझ्याजवळ थांबली. "नुसतं पांढरं घातलंस ना?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू सांग त्यांना. मी नाही सांगणार."

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी तिची होडी सुटल्यावर मी कात्री घेतली आणि मोठ्या टाकीवरच्या चौदा गाठी कापल्या. टाकीत मासे असताना धागा कुणी कापत नाही.

३

मंगळवारनंतर बुधवारीही तेच. मी घातलेलं सगळं पाण्यावर तरंगत राहायचं, शेवटी जाळीने काढायचं. पण पोटं रिकामी नव्हती. वस्तऱ्यांची पोटं भरत आली होती. तळाची घाण नळीने ओढताना पाहिलं, त्यात हिरवे आणि लालसर धागे होते. म्हणजे खात होते. रोज वेगवेगळं खात होते. माझं नाही.

मी स्वतःशी नीट विचार केला. पंपाचा नवा आवाज पुढच्या बाजूने येतो, म्हणून मागे पळत असतील. पत्र्याच्या भोकातून ऊन पुढच्या काचेवर पडतं. मी भोक पोत्याने झाकलं. मासे मागेच. मग वाटलं, कुणीतरी चोरून घालतंय. शेडच्या दाराची किल्ली मी घरी नेऊ लागले.

"म्झे, मोठ्या टाकीत तुम्ही काही घालता का?"

"मला माझं ताट दिसत नाही बाई, टाकी कुठली दिसायला?" म्झे कोंबो जाळं विणत होते, सवयीने, न बघता.

"मग कोण घालतं?"

"खातायत ना? मग कुरकुर कसली? तुझं लग्न झालं की तुझ्या सासूला समजेल हा स्वभाव."

"म्झे, मी खरंच विचारतेय."

त्यांचे हात थांबले. "धागे कुठं गेले त्या टाकीवरचे?" काठ चाचपून पाहिला असणार त्यांनी.

"सुटले असतील."

"तांबड्या सुताची ती गाठ? ती सुटत नाही." ते पुन्हा विणू लागले.

गुरुवारी राजाचा रंग परतला. आधी नव्हता इतका गडद निळा, पट्टे ताज्या हळदीसारखे. मी काचेला नाक लावून बघत होते आणि माझ्या छातीत जळत होतं. हा रंग माझ्या हातून आलेला नव्हता.

बी झुहुरांनी निरोप पाठवला होता. शनिवारी येते. मासे तुझ्या हातून खाताना दाखव, नाहीतर म्झेंच्या जागी वासिनीवरून तिलाच बोलावते. एक चूक झाली असेल, पण तिच्या हाताला गुण होता.

४

गुरुवारी दुपारी तीनला मी मुद्दाम वाटी घेतली नाही. मोठ्या टाकीसमोर उलटी बादली टाकून बसले. वीज गेली होती, पंप बंद, त्यामुळे शेडमध्ये इतकी शांतता होती की पत्रा तापून कडकतो तेही ऐकू येत होतं. दोन-तीनदा दचकले.

मग ठिबकण्याचा आवाज आला. पाइप गळतो तसा नाही. पाण्यातून हात वर काढला की कोपरावरून निथळतं ना, सुरुवातीला भराभर, मग एकेक थेंब, तसा.

भिंतीच्या बाजूला पाण्यावर एक वर्तुळ उठलं. त्यातून काहीतरी खाली आलं, बारीक बारीक. मासे झुंबड करत नव्हते. एक पुढे जायचा, घ्यायचा, बाजूला होऊन दुसऱ्याला जागा द्यायचा. मेजुमाने त्यांना असं शिकवलं होतं. माझ्यापुढे ते कधी रांगेत उभे राहिले नाहीत.

फटीत कुणी नव्हतं. काचेतून, पाण्यातून, पलीकडच्या काचेतून मला भिंतीचा चुना दिसत होता. चुन्यावर ओल होती, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर.

वर्तुळं थांबल्यावर एक तुकडा तळाशी राहिला होता. मी तो जाळीने काढला आणि फळीवर, सकाळच्या उरलेल्या ढिगांशेजारी ठेवला. फिकट गुलाबी. माकूळ नव्हतं, कोळंबी नव्हती, तिसऱ्या नव्हत्या. कॉलेजात आम्हाला तुकड्यावरून जीव ओळखायला शिकवलं होतं. कवच नाही, खवले नाहीत, मऊ, आणि एका बाजूला कातडीसारखं पातळ काहीतरी.

मी तो वाळूत पुरला. हात तीनदा धुतले. आणि हात धुताना माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, सहा ढीग मी करते, हा सातवा मेजुमाला कुठे मिळाला?

५

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर मी वासिनीला जाणारी होडी धरली. सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. काय सांगायचं, ते होडीत सारखं बदलत होतं.

मेजुमा दारातच बसली होती. वाळलेली. गालांची हाडं वर आलेली. अंगावरचा लेसो तिने उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घट्ट गुंडाळला होता, एवढ्या उकाड्यात.

"ये गं, कॉलेज." ती हसली. "वही आणलीस?"

"कोण आलंय?" आतून तिची आई खोकत म्हणाली.

"कामावरची, आई. ती हुशार."

तिने मला आल्याची कॉफी दिली, कसावाचे तळलेले काप दिले, आणि मी पेला घेता घेता थांबले. तिने तो डाव्या हाताने पुढे केला होता. आमच्यात डाव्या हाताने पाहुण्याला कुणी पाणीसुद्धा देत नाही. मी पेला घेतला.

"बरे आहेत ना माझे?" ती म्हणाली. "राजाचा निळा आला ना परत?"

"तुला कोणी सांगितलं?"

"यायलाच हवा तो." ती बोटाने कापांवरचं तिखट सारखं करत राहिली, डाव्याच. "फुलपाखरं उशिरा खातात. त्यांच्यासाठी जरा थांबावं लागतं. तू थांबत नाहीस, शोगा. तुला दोष नाही देत. तुला सगळं लवकर हवं असतं."

मी काही बोलणार एवढ्यात ती उठली. "बस जरा."

आतल्या खोलीचा पडदा पडला. घमेल्यात पाणी हलल्याचा आवाज आला. बेटावर गोडं पाणी नाही, पावसाचं साठवून महिनोन्महिने पुरवतात. पाण्यात असं कुणी उगाच खेळत नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते.

आवाज फार वेळ चालू होता. एकदा तिने दातांतून श्वास ओढला, मिरची लागल्यावर ओढतात तसा.

बाहेर आली तेव्हा लेसोची कड भिजली होती आणि चेहरा राखेसारखा झाला होता. ती माझ्यासमोर बसली, आधी जरा डुलली, मग सावरली.

"म्वातुमू, बी झुहुरांना खरं सांग," ती हळू म्हणाली. "तू सांगितलंस की त्या मला बोलावतील. मग मी तिथे येऊन घालीन, फळीवरचं, नेहमीचं. इथून फार दिवस नाही जमायचं गं."

"इथून काय?"

तिने लेसो खांद्यावर आणखी ओढून घेतला. हसली नाही.

"त्यांना उपाशी ठेवता येत नाही ना. माझ्या गाठी होत्या."

परतीच्या होडीत मी खूप वेळ पाण्याकडे पाहिलं नाही. सांगायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. एक वाक्य पुरेसं होतं. ते वाक्य मी सारखं मनात म्हणत होते, आणि दर वेळी त्याच्या शेवटी मेजुमा शेडमध्ये येऊन उभी राहायची आणि चाळीस टाक्या तिच्याकडे वळायच्या.

६

शनिवारी दहाला दहा कमी असताना बी झुहुरा आल्या. अत्तराचा वास, हातात पंखा. म्झे कोंबो त्यांच्या मागे काठी टेकत. आम्ही तिघंच.

मोठ्या टाकीपुढे बी थांबल्या. "या खुदा. हाच का तो करडा पडलेला? वस्तरे बघ कसे भरलेत. काय घातलंस गं?"

"सगळं, बी. फिरवून फिरवून."

"शिक्षणाचा उपयोग झाला म्हणायचा एकदाचा." मग त्या माझ्याकडे वळल्या. पंखा थांबला. "मेजुमाच्या वेळी काय झालं होतं? तुझ्या डोळ्यांसमोरच होती ना ही टाकी? तिच्या हातून असं होईलसं मला अजून वाटत नाही. तुला काही माहीत असेल तर आत्ता सांग. मी ओरडणार नाही."

म्झे कोंबोंनी आपले दुधाळ डोळे माझ्या दिशेला केले.

ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"नाही, बी. मला काही माहीत नाही."

"बरं. मग भरव."

मी बोटांत तिसऱ्यांचा लगदा धरून पुढच्या बाजूने पाण्यात हात घातला. दहा वाजले. चौदा मासे वळले आणि भिंतीकडे गेले.

"हे काय?" बी म्हणाल्या.

मी हात हलवला. लगदा सुटून पाण्यात ढगासारखा पसरला. कुणी आलं नाही. मागच्या काचेपाशी पाण्यावर एक वर्तुळ उठलं. राजा त्याच्याखाली आपली जागा धरून उभा राहिला, तोंड वर करून, लहान पोरासारखा.

माझं काय झालं मला सांगता येत नाही. मी वाटी ठेवली. टाकीला वळसा घालून त्या फटीत शिरले, आडवी होऊन, पाठ भिंतीला. चुना ओला होता आणि कोमट होता. तिथे माझ्याखेरीज कुणी नव्हतं. तरी मला जागा कमी पडत होती. डाव्या हाताने मी टाकीचा काठ घट्ट धरला, आणि उजवा, रिकामा, त्या वर्तुळात घातला.

पाणी थंड होतं. बोटांच्या जरा बाजूला मात्र नव्हतं.

मासे थबकले. एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले, दोन ताटांसमोर बघतात तसे. पाण्यापलीकडे बी झुहुरांचा चेहरा मला वेडावाकडा दिसत होता. त्या वाकल्या होत्या. त्यांची नजर मासे सोडून पाण्यात दुसऱ्याच कशावर तरी खिळली होती.

"म्वातुमू," त्यांनी हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता. "दोन्ही हात कशाला घातलेस आत?"

मी डाव्या हाताची बोटं काठावर वर केली, त्यांना दिसावीत म्हणून.

पंखा फरशीवर पडल्याचा आवाज आला. "काय झालं?" म्झे कोंबो विचारत होते. "बी, काय दिसतंय? मला सांगेल का कुणी?"

"हात काढ," बी म्हणाल्या. "म्वातुमू, बाहेर काढ तो हात, ऐकतेस का!"

मी खाली बघितलं नाही. राजाकडे बघत होते. तो माझ्याकडे वळला होता. एवढ्या जवळून त्याचा डोळा मी कधी पाहिला नव्हता, त्याच्याभोवती एक बारीकशी निळी कड असते. तो आला, माझ्या तर्जनीपाशी थांबला, आणि त्याच्या मागे, माझ्यापुढे, वस्तरे रांगेत उभे राहिले.

मेजुमाला आज दुखणार नाही, असं मला वाटलं. मग लगेच वाटलं, तिला कळेलही की ते माझ्याकडे आले.

पहिला घास राजाने घेतला. मी दातांतून श्वास ओढला आणि हात तसाच ठेवला.